जनुक काढून टाकलं, मग काय कळलं?

१९९१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. उंदराच्या गर्भातून काढलेली, जेमतेम आकार घेऊ लागलेली मूत्रपिंडं प्रयोगशाळेत बशीत वाढवायची आणि त्या द्रावात अँटिसेन्स डीएनएचे आखूड तुकडे मिसळायचे, असा तो प्रयोग होता. हे तुकडे ठरावीक जनुकाच्या संदेशाला चिकटतात आणि त्यापासून प्रथिन बनू देत नाहीत. निवडलेलं जनुक होतं पी-७५, म्हणजे चेतापेशींच्या वाढीला लागणाऱ्या एका घटकाच्या ग्राहकाचं. तुकडे घातलेल्या बशांमध्ये मूत्रपिंडाची घडण खुंटली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने पी-७५ जनुकच मोडलेले उंदीर तयार केले. त्यांच्या संवेदी चेतातंतूंमध्ये दोष होता, पण ते जगले, मोठे झाले, त्यांना पिल्लंही झाली. मूत्रपिंडाशिवाय उंदराला यातलं काहीच जमत नाही.

मूत्रपिंडाच्या घडणीत कोणतं जनुक काय करतं, याबद्दल गेल्या सत्तर वर्षांत जमा झालेलं ज्ञान वाचताना हा प्रसंग मनात ठेवलेला बरा. ‘जनुकाचं काम’ असं आपण सहज म्हणतो. पण ते काम कोणत्या वेळी, कोणत्या पेशीत आणि बाकीची कोणती जनुकं जागेवर असताना, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. एकेक तंत्र या प्रश्नांपैकी एखाददुसऱ्याचं उत्तर देतं आणि उरलेल्यांबद्दल गप्प बसतं. गडबड होते ती त्या गप्प बसण्यालाच उत्तर समजल्यामुळे.

हा अवयव अभ्यासकांना इतका का आवडतो, तेही पाहू. सस्तन प्राण्यांच्या गर्भात मूत्रपिंड दोन वेगळ्या ऊतींच्या भेटीतून घडतं. एक म्हणजे मूत्रवाहिनीची कळी, नळीला फुटणारा धुमारा. दुसरी म्हणजे तिच्या शेजारचा मेसेन्काइम, सैल पेशींचा पुंजका. उंदरात ही कळी गर्भ साधारण साडेदहा दिवसांचा असताना फुटते, माणसात पाचव्या आठवड्याच्या सुमारास. कळी मेसेन्काइममध्ये शिरते, दुभंगत जाते आणि तिच्या प्रत्येक टोकाशी मेसेन्काइमच्या पेशी गोळा होऊन नेफ्रॉन बनवतात. रक्त गाळणारं मूळ एकक ते हेच. माणसाच्या एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात, पण ही सरासरी फसवी आहे. कुणाकडे दोन लाखांच्या आसपास, तर कुणाकडे वीस लाखांहून अधिक. गर्भारपणाच्या ३६ आठवड्यांपर्यंत जे बनतील ते बनतील, नंतर एकही नवा नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने आणखी एक सोय अशी की गर्भाचं रक्त वार साफ करत असते. त्यामुळे मूत्रपिंड अजिबात नसलेलं पिल्लूही जन्मापर्यंत पोचतं आणि नेमकं काय बिघडलं ते पाहता येतं.

या दोन ऊती वेगळ्या काढून पुन्हा जोडण्याचं काम क्लिफर्ड ग्रोबस्टीन यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे केलं. त्या काळी जनुकाला हात लावण्याची सोयच नव्हती. त्यांनी उंदराच्या गर्भातलं मूत्रपिंड एन्झाइमने सुटं केलं. एकटा मेसेन्काइम नळ्या बनवत नाही, एकटी कळी फांद्या फोडत नाही. शेजारी ठेवल्या की दोन्ही कामाला लागतात. कळीऐवजी मज्जारज्जूचा तुकडा ठेवला, तरी मेसेन्काइम नळ्या बनवतो. पुढे त्यांनी दोन ऊतींच्या मध्ये बारीक छिद्रांची गाळणी ठेवली आणि तिच्यातूनही संदेश पोचतो हे दाखवलं. हेलसिंकीत लाउरी साक्सेन यांनी हीच पद्धत काही दशकं चालवून अगदी घड्याळ लावून मोजमापं केली: एक दिवसभर संपर्क राहिला की मेसेन्काइम ‘लागतो’, मग प्रेरक ऊती काढून घेतली तरी नेफ्रॉनचं काम पुढे चालू राहतं. साक्सेन यांचं १९८७चं मूत्रपिंडाच्या घडणीवरचं पुस्तक आजही त्या क्षेत्रात शिरणाऱ्याला वाचावं लागतं. संदेश देणारे रेणू कोणते, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तरी प्रश्न इतके नेमके मांडले गेले होते की नंतरच्या जनुकतज्ज्ञांना रिकाम्या जागा भरण्याचंच काम उरलं.

ही बशीतली वाढ, म्हणजे ऑर्गन कल्चर, दिसायला साधी आहे. साडेअकरा दिवसांच्या गर्भातून सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुयांनी मूत्रपिंड सोडवायचं, पोषक द्रावाच्या पृष्ठभागाशी जाळीवर किंवा गाळणीवर ठेवायचं आणि उबेला ठेवून रोज पाहायचं. हात स्थिर असलेला विद्यार्थी थोड्या सरावात शिकतो. कळीच्या फांद्या मोजता येतात, औषध घालता येतं, एखाद्या प्रथिनात भिजवलेला मणी नेमक्या जागी टेकवता येतो. १९९७ मध्ये जीडीएनएफ या प्रथिनात भिजवलेल्या मण्यांनी नळीला नको त्या जागी जादा कळ्या फुटल्या, आणि हा संदेश कळी फोडायला पुरेसा आहे हे डोळ्यांनी दिसलं. मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. बशीत रक्त फिरत नाही, म्हणून गाळणीचे गुच्छ रक्तवाहिन्यांविना पोकळ राहतात. अवयव चपटा होतो. लघवी तयार होत नाही, त्यामुळे तिच्या दाबावर आणि प्रवाहावर अवलंबून असलेलं काहीही इथे कळणार नाही.

१९८९च्या सुमारास उंदराच्या भ्रूणीय मूळपेशींमध्ये ठरवून एखादं जनुक मोडायचं आणि त्यांपासून अख्खा उंदीर वाढवायचा, हे शक्य झालं. या कामासाठी कापेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७चं नोबेल मिळालं. मूत्रपिंडाला याचा फायदा लगेच झाला. १९९४ मध्ये रेट हे ग्राहक जनुक मोडलेल्या उंदरांची मूत्रपिंडं एक तर नव्हतीच किंवा नावापुरती होती. १९९६ मध्ये तीन गटांनी ‘नेचर’च्या एकाच अंकात दाखवलं की जीडीएनएफ नसलेल्या पिल्लांची गतही तीच. मेसेन्काइम जीडीएनएफ सोडतो आणि कळीवरचं रेट ते पकडतं: ग्रोबस्टीन यांच्या गाळणीतून जाणाऱ्या संवादातल्या एका बाजूला नाव मिळालं.

पण मला जास्त शिकवून गेलं ते डब्ल्यूटी-१. विल्म्स ट्यूमर हा लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा कर्करोग. १८९९ मध्ये माक्स विल्म्स यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून हे नाव. दर दहा हजार मुलांमागे साधारण एकाला तो होतो. त्याच्याशी जोडलेलं हे जनुक १९९० मध्ये हाती लागलं. १९९३ मध्ये जॉर्डन क्राइडबर्ग आणि सहकाऱ्यांनी ते मोडलेले उंदीर तयार केले. अपेक्षा काय असेल? कर्करोग रोखणारं जनुक गेलं म्हणजे पेशी बेसुमार वाढतील. झालं उलटंच. कळी फुटलीच नाही, मेसेन्काइमच्या पेशी मरून गेल्या आणि हृदयातल्या दोषामुळे गर्भ पोटातच दगावले.

इथे नॉकआउट, म्हणजे जनुकच मोडून टाकण्याच्या, तंत्राची खरी अडचण समोर येते. कर्जतहून सुटलेली लोकल बदलापूरलाच बंद पडली, तर ठाण्याचा सिग्नल चालतो की नाही हे त्या गाडीवरून कळत नाही. डब्ल्यूटी-१ पुढे नेफ्रॉन घडताना आणि त्यानंतर गाळणीच्या पोडोसाइट पेशींमध्येही भरपूर चालू असतं. ते तिथे काय करतं? नॉकआउटकडे याचं उत्तर असणं शक्यच नव्हतं.

१९९९ मध्ये एडिनबरामध्ये निक हेस्टी यांच्या गटाने डब्ल्यूटी-१ असलेला माणसाचा डीएनएचा मोठा तुकडा या उंदरांमध्ये घातला. हृदय बऱ्यापैकी सावरलं, गर्भ जास्त दिवस टिकले आणि नेफ्रॉन घडण्याच्या पुढच्या पायऱ्यांवरही हे जनुक लागतं असं दिसलं. दुसरा रस्ता त्याच शहरातल्या जेमी डेव्हिस यांनी २००४ मध्ये घेतला: पुन्हा बशी. आरएनए इंटरफिअरन्स तोपर्यंत आलं होतं. आखूड दुपदरी आरएनए पेशीत गेला की पेशी स्वतःच जुळणारा संदेश कापून टाकते. डेव्हिस यांच्या गटाने तो बशीतल्या मूत्रपिंडात पोचवला. सुरुवातीलाच डब्ल्यूटी-१ दाबलं तर नॉकआउटसारखाच परिणाम; कळी आत शिरल्यावर दाबलं तर नेफ्रॉन घडणं अडलं. वेळ हाताशी आल्याबरोबर तेच जनुक दोन वेगळी कामं करताना दिसलं. बशीतली ही पद्धत विश्वासार्ह वाटते, कारण ती आधी माहीत असलेल्या नॉकआउटशी ताडून पाहिली होती. १९९१च्या अँटिसेन्स प्रयोगाला असा ताळा उपलब्ध नव्हता.

तिसरा रस्ता अटी घालून जनुक काढण्याचा, म्हणजे क्रे-लॉक्सपी. जनुकाच्या दोन्ही बाजूंना लॉक्स खुणा पेरायच्या आणि क्रे हे एन्झाइम फक्त हव्या त्या पेशींत चालू करायचं. दोन खुणांमधला भाग तिथेच कापला जातो. कळीसाठी हॉक्सबी-७चं नियंत्रण वापरतात, नेफ्रॉनच्या पूर्वज पेशींसाठी सिक्स-२चं. टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावरच जागं होणारं क्रे वापरलं, तर वेळही आपल्या हातात येते. २०११ मध्ये हेस्टी यांच्याच गटाने प्रौढ उंदरांत डब्ल्यूटी-१ काढून टाकलं. गाळणी बिघडली, शिवाय प्लीहा आणि स्वादुपिंड आक्रसले, हाडं आणि चरबी घटली. काही दिवसांत उंदीर दगावले. गर्भात मूत्रपिंड घडवणारं म्हणून ओळखलं जाणारं जनुक मोठेपणी शरीर धरून ठेवण्याचंही काम करत होतं. याच क्रेचा दुसरा वापर वंशावळ शोधण्याचा. २००८ मध्ये सिक्स-२ पेशींवर कायमची रंगखूण करून दाखवलं गेलं की त्या स्वतःची संख्याही राखतात आणि नेफ्रॉनचे सगळे मुख्य भागही त्यांतूनच बनतात; मूत्र गोळा करणाऱ्या नळ्या मात्र नाही, त्या कळीच्या.

क्रेच्या खोड्यांबद्दल निबंधांच्या ‘पद्धती’ विभागात जेमतेम एखादं वाक्य असतं, ते खटकतं. क्रे सगळ्या पेशींत सारखं चालत नाही. दहातल्या दोन पेशी सुटल्या तर त्याच वाढून जागा भरून काढू शकतात आणि आपण म्हणतो, जनुकाची गरज नाही. जास्त क्रे पेशीला मारकही ठरतं. नुसतं क्रे असलेला उंदीर तुलनेला ठेवलेला नसेल, तर मी निष्कर्ष वाचायची घाई करत नाही.

एक जनुक म्हणजे एकच वस्तू, हे गृहीतही डब्ल्यूटी-१ने मोडलं. त्याचा संदेश वेगवेगळ्या प्रकारे जोडला जाऊन अनेक प्रथिनं बनतात. त्यांतल्या दोन प्रकारांत फरक केवळ तीन अमायनो आम्लांचा, केटीएसचा. २००१ मध्ये एकेक प्रकार निवडून काढलेले उंदीर आले. केटीएस नसलेला प्रकार गेला तर मूत्रपिंड लहान राहतं. केटीएस असलेला गेला तर पोडोसाइट बिघडतात आणि नर गर्भ मादीच्या वळणाने वाढतात. माणसातला फ्रेझिअर (Frasier) सिंड्रोम याच दुसऱ्या प्रकाराच्या तुटवड्यातून होतो.

मिश्र उंदरांची गोष्ट थोडक्यात. २००५ मध्ये फ्रँक कोस्टँटिनी यांच्या न्यूयॉर्कमधल्या गटाने रेट असलेल्या आणि नसलेल्या पेशी एकाच गर्भात मिसळल्या. रेट नसलेल्या पेशी मेल्या नाहीत. नळीत राहिल्या, पण कळीच्या टोकात त्यांना जागा मिळाली नाही. पूर्ण नॉकआउटमध्ये फक्त ‘मूत्रपिंड नाही’ एवढंच दिसलं असतं. बशीतही असं मिश्रण करता येतं: २०१० मध्ये डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेने गर्भाची मूत्रपिंडं पेशी-पेशी सुटी करून, त्यांचं मरण रोखणारं औषध घालून पुन्हा गोळा केली, आणि त्या गोळ्यातून नळ्या आणि नेफ्रॉन नव्याने घडले.

आणि ज्या जीडीएनएफशिवाय मूत्रपिंड होत नाही असं पाठ्यपुस्तकांत लिहिलं जातं, त्याचं काय? २०१० मध्ये कोस्टँटिनी यांच्या गटाने जीडीएनएफ काढतानाच स्प्राउटी-१ हेही जनुक काढलं. स्प्राउटी-१ हा ब्रेक आहे. असले संदेश तो पेशीच्या आत दाबून धरतो. ब्रेक गेला आणि जीडीएनएफ नसतानाही मूत्रपिंडं घडली. ते काम एफजीएफ-१० या दुसऱ्या संदेशाने निभावलं. म्हणजे १९९६चे प्रयोग चुकीचे होते असं मुळीच नाही. पण ‘आवश्यक’ हा शब्द कायम उरलेल्या जनुकांच्या संदर्भात वाचायचा असतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग या क्षेत्रात मला माहीत नाही.

झेब्रा माशाकडे लोक वळले ते वेगासाठी. त्याच्या अळीला जेमतेम दोन नेफ्रॉन असतात, गर्भ पारदर्शक असतो आणि दोन दिवसांत गाळणी सुरू होते. मॉर्फोलिनो नावाचे अँटिसेन्स रेणू अंड्यात टोचले की त्याच आठवड्यात निकाल. शेकडो निबंध आले. मग कापून कायमचे बदल करणारी तंत्रं आली, आणि २०१५ मध्ये एका पाहणीत आढळलं की मॉर्फोलिनोने दिसलेले सुमारे ८० टक्के परिणाम तेच जनुक मोडलेल्या माशांत दिसतच नाहीत. पी-७५चीच पुनरावृत्ती, पण घाऊक प्रमाणात. मॉर्फोलिनो पेशींत पी-५३ जागं करून त्या मारतात, हे त्याआधीच कळलं होतं. पण त्याच वर्षी गोष्टीला उलटी कलाटणीही मिळाली. जनुक कायमचं मोडलं की काही वेळा त्याच्यासारखी दुसरी जनुकं चढतात आणि दोष झाकतात. संदेश नुसता दाबला तर तसं होत नाही. २०१९ मध्ये या भरपाईमागची यंत्रणाही उलगडली: बिघडलेल्या संदेशाचे तुकडे होतात आणि तेच इशारा ठरतात. त्यामुळे मोडलेल्या जनुकाचा प्राणी हा शेवटचा न्यायाधीश, ही १९९०च्या दशकातली समजूतही आता ढिली झाली आहे. दोन पद्धतींच्या खोड्या वेगळ्या असतील आणि तरीही उत्तर एक येत असेल, तरच मी ते पदरात घेतो.

माणसाचं काय? उंदीर आणि माणूस इथे सगळीकडे जुळत नाहीत. उंदराच्या पूर्वज पेशींत सिक्स-१ लवकर बंद होतं, माणसात ते सिक्स-२च्या जोडीला बराच काळ चालू राहतं. माणसाच्या गर्भातल्या एकेका पेशीचे संदेश वाचण्याचं तंत्र २०१८ नंतर जोरात आलं आणि असे फरक रांगेने दिसू लागले. मात्र संदेश वाचणं म्हणजे काम कळणं नव्हे. कुठल्या पेशीत काय चालू आहे याचा तो उत्तम नकाशा. चालू असलेलं जनुक तिथे काही करतं की नुसतं उपस्थित आहे, हे बिघडवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

बिघडवून पाहायची सोय ऑर्गनॉइडने दिली. २०१४ मध्ये जपानमधल्या कुमामोतो विद्यापीठात रिउइची निशिनाकामुरा यांच्या गटाने आणि २०१५ मध्ये मेलबर्नमध्ये मेलिसा लिटल यांच्या गटाने मानवी मूळपेशींना गर्भातले संदेश क्रमाने देऊन नेफ्रॉनसदृश रचना घडवल्या. २०१५ मध्येच क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने पीकेडी जनुकं मोडलेल्या ऑर्गनॉइडमध्ये नळ्यांना पुटी (सिस्ट) धरल्या, माणसातल्या पॉलिसिस्टिक आजारासारखी. आता एका खेपेत हजारो जनुकं मोडून पाहण्याचे प्रयोगही ऑर्गनॉइडवर झाले आहेत.

हे पाहून भारावून जाणं सोपं आहे, पण ऑर्गनॉइडला ‘छोटं मूत्रपिंड’ म्हणणं मला पटत नाही. त्याचं वय पहिल्या काही महिन्यांच्या गर्भाएवढंच राहतं. २०१८च्या एका अभ्यासात त्यातल्या १० ते २० टक्के पेशी मूत्रपिंडाच्या नव्हत्याच, काही तर चेतापेशींच्या वळणावर गेलेल्या होत्या. उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली बसवलं तर रक्तवाहिन्या आत शिरतात आणि रचना सुधारते; बशीत ते होत नाही. ज्या बॅचमध्ये तो ऑर्गनॉइड वाढवला तीच कधीकधी जनुकापेक्षा मोठा फरक पाडते. त्याच मूळपेशींतून, त्याच दिवशी वाढवलेल्या न मोडलेल्या जोडीदाराशी तुलना नसेल, तर पुटी जनुकामुळे आली की बॅचमुळे, हे सांगता येत नाही.

अलीकडे वाट उलट्या दिशेने चालली जाते, आणि ती मला अधिक आवडते. आधी रुग्ण, मग उंदीर. दोन्ही मूत्रपिंडं नसलेल्या गर्भांच्या कुटुंबांतून डीएनए वाचताना २०१७ मध्ये ग्रेब-१-एल हे जनुक सापडलं. मूत्रपिंडाशी त्याचं नाव कुणी जोडलं नव्हतं. क्रिस्परने ते उंदरात मोडलं आणि तोच दोष दिसला. निवड इथे संशोधकाच्या आवडत्या जनुकाने नाही, रुग्णांनी केली.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र शेवटचा आहे: नवे नेफ्रॉन बनणं थांबतं कसं? उंदरात ते जन्मानंतर काही दिवसांत थांबतं, माणसात जन्माआधी. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी नाही. बशीतलं मूत्रपिंड तिथवर पोचत नाही, ऑर्गनॉइड तर नाहीच. म्हणून इथे पुन्हा उंदीरच. २०१८ मध्ये टीएससी-१ची एकच प्रत असलेल्या उंदरांत नेहमीपेक्षा जास्त नेफ्रॉन आढळले. २०१९ मध्ये लिन-२८ आणि लेट-७ ही जोडी थांबण्याची वेळ ठरवण्यात गुंतलेली असल्याचं दिसलं. लिन-२८ वाढवलं की नेफ्रॉन बनणं लांबतं. पण २०१४ मध्येच कळलं होतं की हेच लिन-२८ घडत्या मूत्रपिंडात चढं ठेवलं, तर पूर्वज पेशींचा शेवटचा टप्पा अडतो, त्यांची गर्दी होते आणि उंदरांना विल्म्ससारखा ट्यूमर होतो. तोही फक्त काही ठरावीक पेशीवंशांत ते चढवल्यावर. त्या उंदरांत लिन-२८ पुन्हा बंद करता येत होतं. बंद केल्यावर ट्यूमर मागे हटला आणि त्या जागी नेफ्रॉनसारख्या रचनांची संख्या चांगलीच वाढली.